साठ की आठ

बोटीच्या डिझेल इंजिनाची चावी पहिल्या खाचेत फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधीच दोन गोष्टी घडायला हव्यात. पॅनेलवरचे तांबडे दिवे लागायला हवेत आणि भोंगा वाजायला हवा. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं तर सगळं जागेवर असल्याची त्या क्षणी तेवढी एकच खूण असते. इंजिन बंद आहे, म्हणजे तेलाला दाब नाही. अल्टरनेटर फिरत नाही, म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि भोंगा त्या सांगत असतो. मग सेल्फ मारायचा. इंजिन धरतं, तेलाचा दाब चढतो, अल्टरनेटर वीज द्यायला लागतो, दिवे विझतात, भोंगा थांबतो. आधी वाजून मग थांबला, तर त्या थांबण्यावर भरवसा ठेवता येतो. चावी फिरवूनही काहीच वाजलं नाही, तर ती शांतता कसली आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

हर्णै बंदराजवळ माझं बॅटरीचं आणि वायरिंगचं दुकान आहे. हर्णै रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा, आणि किनाऱ्यावर वाळूतच मासळीचा लिलाव. एरवी मी रिक्षा, टेम्पो, विहिरीवरचे पंप बघतो. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते, बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आत घेतलेल्या असतात, तेव्हा माझं खरं काम सुरू होतं. इंजिनं बहुतेक ट्रकच्याच जातीची, समुद्रासाठी थोडी बदललेली. वायरिंगही ट्रकसारखंच. फरक खाऱ्या हवेचा. तांब्याची तार वरून पाहिली तर नवी दिसते. टोकाचं आवरण इंचभर सोलावं, तर आत काळी पडलेली असते. मीठ तारेच्या केसांमधून आत आत सरकत जातं, वात तेल ओढते तसं. थिंबलशी हिरवी भुकटी जमते. कल्हई केलेली तांब्याची तार मिळते, ती जास्त टिकते, पण तिचा भाव ऐकला की मालक म्हणतो, "या वर्षी साधीच टाका, पुढच्या वर्षी बघू."

त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका नाखव्याचा फोन आला. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. वय चाळिशीचं, बोट वडिलांकडून आलेली. म्हणाला, "दादा, एप्रिलमध्ये नवी बॅटरी टाकली, ती बसली. एकदा बघून घ्या. आणि तो भोंगा काढून टाका. पोरं वैतागलीत."

भोंगा कधी वाजतो, असं मी विचारलं, तर तीन माणसांकडून तीन उत्तरं मिळाली. मालक म्हणाला, "सारखाच वाजतो म्हणतात." बोटीवर खलाशी होता नेपाळचा एक मुलगा. कोकणातल्या बोटींवर आता नेपाळी मुलं बरीच असतात. समुद्र न पाहिलेल्या डोंगरातून येतात आणि दोन हंगामांत जाळं ओढायला शिकतात. तो म्हणाला, "बजता है दादा. चालू करने के बाद बहुत देर बजता है. स्पीड बढ़ाओ तो बंद." आणि तांडेल म्हणाले, "भोंगा? या हंगामात एकदाही वाजलेला नाही."

तांडेल म्हणजे बोट हाकणारा आणि माणसं सांभाळणारा. हे तांडेल मालकाच्या वडिलांच्या वेळचे. साठीला आलेले, चाळीस वर्षं पाण्यावर. त्यांच्या शब्दावर शंका घेण्याचं कारण नव्हतं. पण मुलाने सांगितलेली खूणही नेमकी होती. वेग वाढवला की बंद होतो, हे कोणी मनाने रचून सांगत नाही.

भर पावसात आम्ही बोटीवर गेलो. केबिनवर ताडपत्री, तिच्यावर पावसाचा ताशा. मी मीटर काढला. बॅटरी ११.८ व्होल्ट. भरलेली बॅटरी स्वस्थ ठेवली तर १२.६ दाखवते. ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. दुकानातून आणलेली बॅटरी जोडून तांडेलांना इंजिन सुरू करायला सांगितलं आणि मी खाली इंजिनखोलीत उतरलो. इंजिन हळू चालत असताना अल्टरनेटरच्या जाड तारेवर १२.४, आणि आकडा हळूहळू उतरतोय. अल्टरनेटर फिरतोय, पण काहीच देत नाही. मग वर ओरडून वेग वाढवायला सांगितलं. एका ठिकाणी आकडा एकदम उडाला आणि १४.२ वर जाऊन थांबला. म्हणजे अल्टरनेटर चांगला होता. फक्त तो उशिरा जागा होत होता.

अल्टरनेटरच्या पोटात कायमचं चुंबक नसतं. मधल्या फिरत्या गुंडाळीला बाहेरून थोडी वीज दिली की ती चुंबक होते. मग अल्टरनेटर वीज तयार करायला लागतो आणि पुढे स्वतःची गरज स्वतः भागवतो. ती पहिली थोडी वीज बऱ्याच इंजिनांत कुठून येते, तर पॅनेलवरच्या चार्जिंगच्या तांबड्या दिव्यातून. दिव्याचं एक टोक चावीला, दुसरं अल्टरनेटरला. चावी फिरवली की वीज दिव्यातून अल्टरनेटरकडे जाते, दिवा लागतो. अल्टरनेटर जागा झाला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. त्याला विझवणारं वेगळं बटण नसतं. दोन्हीकडून सारखं झालं म्हणून तो विझतो. लोकांना वाटतं, हा दिवा नुसता निरोप सांगणारा, निघाला तर बिघडतंय काय. पण तो काढला तर अल्टरनेटरला उठवणारंच कोणी राहत नाही.

या बोटीवर तो दिवा काढलेला नव्हता, बदललेला होता. जुना ३ वॅटचा बल्ब उडाला म्हणून कोणीतरी त्या जागी एलईडी बसवला होता. जुन्या बल्बातून पाव अँपिअर वीज जायची, एलईडीतून तिचा दहावा हिस्साही जात नव्हता. तेवढ्याने अल्टरनेटर हलत नाही. त्याच्या लोखंडात थोडी चुंबकशक्ती उरलेली असते, तिच्या जोरावर वेग बराच वाढल्यावर तो कसाबसा उठतो. बंदरातून हळूहळू बाहेर पडताना, नांगर टाकून दिवे लावून थांबलेलं असताना, जाळं मंद वेगाने ओढताना तो झोपलेलाच. आणि तेवढा वेळ भोंगा ओरडत राहायचा. मुलगा सांगत होता ते शब्दाशब्दाने खरं होतं.

दुसरा दोष साधा होता. वेग वाढलेला असताना अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.१. वाटेत १.१ व्होल्ट कुठेतरी गळत होता. केबिनच्या फळीतून तार आत येते तिथे जोड होता, तो हाताला गरम लागला. वरची टेप काढली, तर आत हिरवी भुकटी. तो तुकडा कापून नवी केबल टाकायची ठरवली आणि इंजिन बंद केलं. आता उरला होता भोंगा.

भोंगा चावीच्या पॅनेलखाली, गुडघ्याच्या उंचीवर. पॅनेलवर तुषार उडू नयेत म्हणून जाड प्लास्टिक लावलेलं, त्यामागे तो बारीक एलईडी. दिवसा लागलाय की नाही हे वाकून पाहिल्याशिवाय कळणार नाही. भोंग्याच्या तोंडावर काळ्या टेपचे तीन-चार थर होते. मी मुलाला विचारलं, "किसने लगाया?" त्याने तांडेलांकडे पाहिलं आणि मग बाहेर पावसाकडे. मी टेप सोलून काढली.

या भोंग्याला तीन तारा जात होत्या, प्रत्येकीत डायोड, म्हणजे एकीची वीज दुसरीत शिरू नये. एक तेलाच्या दाबाच्या स्विचची, एक पाण्याच्या तापमानाच्या स्विचची, एक अल्टरनेटरची. तपासायची रीत सोपी आहे. तिन्ही तारा इंजिनाकडच्या टोकाला सोडायच्या, चावी फिरवायची. आता भोंगा गप्प हवा. मग एकेक तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची. टेकवली की वाजायला हवा. ही तपासणी दर वर्षी करावी, कारण तेलाच्या स्विचची तार सुटून पडली तर भोंगा कायमचा गप्प होतो. मग दाब जाऊन इंजिन जाम झालं तरी तो ब्र काढत नाही.

मी खाली, तांडेल वर चावीपाशी. पहिली तार टेकवून ओरडलो, "काका, वाजला?"

"नाही."

दुसरी टेकवली. "आता?"

"नाही रे."

तिसरी. "नाही."

ताडपत्रीवरच्या पावसात मला खाली काही ऐकू येत नव्हतं. पण तीन वेगळ्या तारा एका दिवशी तुटत नाहीत. मग दोष तिघींच्या पुढे, जिथे त्या एकत्र येतात तिथे असणार, भोंग्यात किंवा त्याच्या चावीकडच्या तारेत. तिसऱ्या तारेला चिमटा लावून ती लोखंडाला अडकवून ठेवली आणि मी शिडी चढून वर आलो.

भोंगा कर्कश किंचाळत होता. मुलगा कानांत बोटं घालून कोपऱ्यात उभा होता. आणि तांडेल भोंग्यापासून हातभर अंतरावर, चावी धरून, माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, "वाजत नाही. तारेतच घोळ आहे तुझ्या."

मी चावी बंद केली. मुलाने बोटं काढली. ते तांडेलांनी पाहिलं. मग ते बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.

असे भोंगे साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास वाजतात, कारण निरोगी कानाला त्या पट्टीतला आवाज सगळ्यात टोचतो. आणि इंजिनाच्या गोंगाटाने कान जातो तो आधी त्याच्याच आसपास, ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्टीत. कानातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. माणूस बहिरा दिसत नाही. खालच्या पट्टीतले आवाज नीट येतात, इंजिनाची धडधड येते, लाट येते, हाक येते. जातात ते बारीक आवाज. आपल्या भाषेत आधी स, श, फ जातात. तांडेलांचं लिलावातलं वागणं मला तेव्हा आठवलं. कोणी साठ म्हटलं की ते आठ ऐकायचे, मग हसून पुन्हा विचारायचे. सात म्हटलं तर "हात कशाला?" लोक म्हणायचे, तांडेल गमत्या आहे.

मुलाला मी चहा आणायच्या निमित्ताने किनाऱ्यावर पाठवलं. म्हटलं, "काका, कान दाखवले का कधी?"

"तू वायरमन आहेस ना? वायर बघ."

"वायरच बघतोय. चावीपासून भोंग्यापर्यंत सगळं चांगलं आहे. पुढे जिथे पोचायला हवं, तिथे पोचत नाही."

ते चिडले. चिडणं साहजिक होतं. बंदरात तांडेलाला कमी ऐकू येतं ही बातमी झाली, तर पुढच्या हंगामात त्याला कोण बोलावणार? हाताखालचे लोक तांडेलाच्या शब्दावर काळोखात जाळं सोडतात. चाळीस वर्षांत मिळवलेलं सगळं त्या एका गोष्टीवर उभं असतं. दुसऱ्या बाजूला मला दिसत होती ती रात्र, जेव्हा थंड पाणी आत घेणाऱ्या नळीला प्लास्टिकची पिशवी चिकटेल, इंजिन तापेल, टेपखालचा भोंगा पुटपुटेल, वर ज्याला कळायला हवं त्याला कळणार नाही, आणि ज्याला कळेल तो तांडेलापुढे बोलणार नाही. बोटीवर दहा माणसं होती.

शेवटी मी म्हटलं, "नारळी पौर्णिमेच्या आत तुम्ही मालकाला सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल. मला ते आवडणार नाही."

ते काही बोलले नाहीत. मी माझं काम केलं. एलईडी काढून ३ वॅटचा तांबडा बल्ब घेतला, पण तो जुन्या जागी न लावता चाकासमोर, काचेच्या खाली, उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत बसवला. अल्टरनेटर उठवायला तोच आणि तांडेलांना दिसायलाही तोच. तेलासाठी आणि पाण्यासाठी त्याच्या शेजारी आणखी दोन दिवे. भोंग्याच्या जागी ट्रकचा जाड आवाजाचा हॉर्न. त्याची पट्टी ४०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणूस पोटातून हाक मारतो तशी. तो वीज जास्त खातो म्हणून मध्ये रिले. चावी फिरवली. तीन दिवे लागले आणि हॉर्न गुरगुरला. तांडेलांचा खांदा दचकला. त्यांनी चावी बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा बंद केली. पाच वेळा तरी. मग इंजिन सुरू केलं. सगळ्यात कमी वेगातच दिवा विझला. बॅटरीवर १४.१.

त्या रात्री बिल लिहायला बसलो आणि हात थांबला. केबल, थिंबल, बल्ब, मजुरी. हॉर्न आणि रिले कशासाठी, हे मालक विचारणारच. भोंगा काढा म्हणून त्याने सांगितलं होतं आणि मी त्याहून मोठा बसवला होता. "जुना खराब" लिहिलं असतं तर चाललं असतं. जुना खराब नव्हता. मी नुसतं "हॉर्न १, रिले १" लिहिलं आणि बिल खणात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांडेल दुकानात आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. म्हणाले, "चल." आम्ही एसटीने कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून त्यांनी तांडेलांना बटण दाबायला सांगितलं. मी बाहेरून पाहत होतो. खालच्या आवाजांना बोट झटकन दाबलं जायचं. मग मध्येच बोट नुसतंच बटणावर टेकून राहायचं आणि चेहरा, एखादी खूण दिसायची वाट बघावी तसा व्हायचा.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डावीकडून रेषा सरळ येते, ३००० पासून घसरते, ४००० वर खोल जाते, पुढे थोडी वर येते. डॉक्टर समजवायला लागले, तेवढ्यात तांडेलांनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर त्यांनी असे तळ हजार वेळा पाहिले असतील. म्हणाले, "म्हणजे इथे पाणी खोल आहे. इथलं काही वर येत नाही." डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर." गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, इंजिनखोलीत कान झाकून जा, श्रवणयंत्राने बोलणं थोडं सुधारेल, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत तांडेलांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि हर्णै येईपर्यंत दोनदा काढून पाहिला.

मालकाला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, माझ्या दुकानात, मला समोर बसवून. मी मालकाच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याला धक्का बसला नाही. तो खाली बघत म्हणाला, "काका, मला दोन वर्षांपासून माहीत आहे. बाबांच्या वेळचे तुम्ही. मी कोणत्या तोंडाने बोलणार?"

नंतर कळलं की बोटीवर सगळ्यांनाच माहीत होतं. टेप मुलांनी लावली होती. नेपाळच्या मुलाने मला हळूच सांगितलं, "तांडेल को सुनाई नहीं देता, हमको सोने नहीं देता." तांडेलांना विचारायचं तर कळत नाही का, असं वाटेल, आणि सांगायचं तर अपमान. म्हणून त्यातल्या त्यात सोपं म्हणजे भोंग्याचं तोंड बंद करणं. मालकाने मला भोंगा काढायला सांगितला तो त्याच मायेने. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येकाने मान राखला होता, आणि दोन हंगाम दहा माणसं त्या मानावर तरंगत होती.

मी खणातलं बिल काढून मालकापुढे ठेवलं. हॉर्न आणि रिले त्याने न विचारता मान्य केले. उलट म्हणाला, "दुसऱ्या बोटीलाही हेच करा." तिचा तांडेल पंचेचाळिशीचा आहे.

आता रात्रीच्या वेळी चाकापाशी तांडेलांसोबत दुसरा माणूस असतो, बहुधा तोच मुलगा. वायरलेसवरचं बोलणं तो ऐकतो आणि मोठ्याने, सावकाश सांगतो. त्याचं मराठी त्यामुळे बरंच सुधारलंय. रोज निघण्याआधी तांडेल स्वतः चावी फिरवून तीन दिवे मोजतात, हॉर्न ऐकतात, मगच सेल्फ मारतात. श्रवणयंत्र घेतलंय, पण ते लाटेच्या तुषारांनी खराब होईल म्हणून घरीच ठेवतात. त्यावरून बायकोशी वाद चालू आहे.

आणि लिलावात कोणी आकडा बोलला की ते हात वर करून म्हणतात, "बोटं दाखव रे, मला स ऐकू येत नाही." सुरुवातीला लोक हसले. आता घासाघीस चालू असताना बाकीचेही बोटं दाखवतात. त्या कोलाहलात तशी कोणालाच साठ आणि आठ नीट ऐकू येत नसत.